कारखाना बंद, इंजिन चालू

एमजी टीसी या जुन्या ब्रिटिश मोटारीच्या इंजिनाचा बोल्ट सोडवायला घेतला, तर त्याच्या डोक्याला व्हिटवर्थ या ब्रिटिश मापपद्धतीचा इंची पाना चपखल बसतो. बोल्ट बाहेर काढून आटे मोजले की मात्र ते मिलिमीटरचे निघतात. आणि तेही नेहमीचे नव्हेत. आज बाजारात मिळणाऱ्या ८ मिलिमीटरच्या बोल्टला सव्वा मिलिमीटरचा आटा असतो, या बोल्टला एक मिलिमीटरचा. डोके इंग्रजी, अंग फ्रेंच आणि आटा बारीक असा हा बोल्ट हार्डवेअरच्या कुठल्याच दुकानात सापडत नाही.

यामागे पहिल्या महायुद्धाचा इतिहास आहे. जर्मन सैन्य पॅरिसच्या दिशेने सरकू लागले तेव्हा हॉचकिस या शस्त्रे बनवणाऱ्या फ्रेंच कंपनीने कामाचा काही भाग इंग्लंडमध्ये कोव्हेंट्रीला हलवला. युद्ध संपल्यावर मशीनगनची मागणी आटली आणि त्याच यंत्रांवर मॉरिस मोटारींची इंजिने बनू लागली. १९२३ साली विल्यम मॉरिसने तो कारखानाच विकत घेतला. यंत्रे फ्रेंच होती, म्हणून आटे मेट्रिक राहिले. गाड्या दुरुस्त करणाऱ्या इंग्रज मेकॅनिकांच्या पेटीत इंचांचे पाने होते, म्हणून बोल्टची डोकी व्हिटवर्थच्या मापाची ठेवली गेली. पुढे मॉरिसच्याच समूहातल्या एमजीच्या टीसीला जे १२५० सीसीचे ‘एक्सपीएजी’ इंजिन बसले, त्याने हाच वारसा घेतला.

टीसी १९४५ ते १९४९ या काळात बनली, साधारण दहा हजार. अ‍ॅबिंग्डनचा एमजीचा कारखाना १९८० साली बंद झाला. तरीही आज या इंजिनाचे पिस्टन, रिंगा, बेअरिंगच्या वाट्या, व्हॉल्व्ह, गॅस्केट, अगदी अख्खा नवा क्रँकशाफ्टसुद्धा मागवता येतो. तो विचित्र बोल्टही मिळतो. तो बनवणारी माणसे मोटार कंपन्यांची नाहीत. एकाच जातीच्या इंजिनाचा ध्यास घेतलेली छोटी वर्कशॉप्स, जुन्या कंपन्यांची हत्यारे आणि नकाशे सांभाळणारे उद्योग आणि गाडीप्रेमींचे क्लब मिळून हे काम करतात. मूळ कंपनीने हात झटकल्यावर तिच्या यंत्राची जबाबदारी कुणीतरी आपखुशीने उचलावी, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. म्हणूनच ते काम नेमके कसे चालते हे बारकाईने पाहण्यासारखे आहे.

आधी एक खुलासा. इंग्लंडच्या व्हिंटेज स्पोर्ट्‌स-कार क्लबच्या काटेकोर व्याख्येप्रमाणे १९३० अखेरपर्यंत बनलेली गाडीच ‘व्हिंटेज’. या लेखात मी शब्द सैल अर्थाने वापरतो आहे, कारण सुट्या भागांची अडचण १९२५ च्या आणि १९६५ च्या गाडीला सारखीच छळते.

भाग मिळणार की नाही, हे सर्वांत आधी ठरते ते त्या गाड्या किती बनल्या होत्या यावर. फोर्डची मॉडेल टी १९०८ ते १९२७ या काळात दीड कोटी बनली. शंभर वर्षांनंतरही अमेरिकेत या एकाच गाडीच्या भागांवर जगणारी दुकाने आहेत, आणि मॉडेल टीचा मालक घरबसल्या यादी पाहून व्हॉल्व्ह मागवतो. कॅलिफोर्नियातील ‘एगी मशीन’ ही कंपनी १९१५ पासून आहे आणि जुन्या अमेरिकन इंजिनांचे पिस्टन, व्हॉल्व्ह हीच तिची ओळख आहे. आता दुसरे टोक पाहू. जर्मनीच्या मेबॅक कंपनीने १९२१ ते १९४१ या वीस वर्षांत मिळून १८०० च्या आसपास गाड्या बनवल्या. कोल्हापूरच्या छत्रपती घराण्याची मेबॅक दसऱ्याच्या शाही सोहळ्यात पाहायला आजही गर्दी लोटते. अशा गाडीचा भाग कुठल्याच फडताळावर तयार नसतो. तो एकट्या त्या गाडीसाठी बनवावा लागतो, आणि त्याचा खर्च वाटून घ्यायला दुसरा कुणी नसतो.

खर्चाचे गणित साधे आहे आणि निर्दय आहे. एक पिस्टन बनवायला जेवढा वेळ नकाशा काढण्यात, यंत्र लावण्यात आणि पहिला नमुना तपासण्यात जातो, तेवढाच शंभर पिस्टनांनाही जातो. म्हणून या धंद्यातला पहिला प्रश्न असतो, ‘किती सेट हवेत?’ इथे क्लब कामी येतात. इंग्लंडमध्ये जवळपास प्रत्येक जुन्या गाडीचा क्लब आहे, आणि त्यांतले कित्येक क्लब नुसत्या सहली काढत नाहीत. सभासदांची मागणी गोळा करतात, आगाऊ पैसे जमवतात, वर्कशॉपला एकदम वीस-तीस सेटची ऑर्डर देतात आणि उरलेला माल स्वतःच्या गोदामात ठेवतात. १९५६ पूर्वीच्या एमजी गाड्यांसाठी असलेला ऑक्टॅगन कार क्लब भागांची अशी विक्री करतो. रोल्स-रॉईसप्रेमींच्या क्लबने नॉर्थॅम्प्टनशरमधल्या पॉलर्सपरी गावी ‘हंट हाउस’मध्ये जुन्या गाड्यांची कागदपत्रे जपून ठेवली आहेत. कारखान्यातून गाडी कोणत्या रूपात बाहेर पडली, याची नोंद तिथे पाहता येते. भाग बनवणाऱ्याला असा कागद धातूइतकाच लागतो.

काही ठिकाणी मूळ धंद्याची साखळी तुटलेलीच नाही. एसयू कार्बोरेटर घ्या. स्किनर बंधूंनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तो घडवला, आणि त्यांचे घराणे होते बूट-चपलांच्या व्यापारातले. पहिल्या एसयू कार्बोरेटरांमध्ये चामड्याचा भाता होता, हे त्यामुळे नवल वाटायला नको. पुढे मॉरिसने ही कंपनी घेतली आणि एमजी, जॅग्वार, ऑस्टिन अशा असंख्य ब्रिटिश गाड्यांवर एसयू बसला. गाड्या गेल्या, तरी सॉल्झबरीच्या ‘बर्लेन’ या कंपनीकडे एसयूचे काम चालू राहिले. तिथे आजही नवा एसयू मिळतो, आणि जुन्याची सुई, जेट, वॉशरही मिळतात. असा वारस मिळणे हे त्या गाड्यांचे नशीब. जर्मनीत आणि जपानमध्ये मोटार कंपन्या स्वतःच आता या कामात उतरल्या आहेत. पोर्शने ९५९ या गाडीचा क्लच सोडवणारा खटका धातूच्या भुकटीवर लेझर चालवून, थर चढवत बनवला आणि सुमारे तीन टन भाराखाली तपासला. ही गाडी मुळात २९२ च बनली होती. एवढ्याशा संख्येसाठी साचे पुन्हा उभारणे परवडले नसते.

या सगळ्यात इंजिनाचा ब्लॉक पुन्हा बनवणे सर्वांत अवघड, आणि मला सर्वांत ओढ लावणारे काम तेच. जुने ब्लॉक बिडाचे. थंड देशांत आतले पाणी गोठून फुगले की ते तडकतात. आपल्याकडे पाण्याच्या वाटा गंजून भिंती पातळ होतात. तडा लहान असेल, तर त्याच्या दोन्ही बाजूंना धातूचे टाके घालून तो थंड अवस्थेतच शिवता येतो. बिडाला वेल्डिंगची उष्णता सोसत नाही, त्यामुळे हा उपाय अनेकदा वेल्डिंगपेक्षा भरवशाचा ठरतो. पण भिंतच खाल्ली गेली असेल, तर नवा ब्लॉक ओतण्याला पर्याय नाही.

मग जुना ब्लॉक वाळूत दाबून साचा का घेऊ नये? कारण वितळलेले बीड थंड होताना आकसते. पॅटर्न बनवणारे कारागीर यासाठी वेगळी पट्टी वापरतात, आणि बिडासाठी हिशेब धरतात फुटाला एक सूत, म्हणजे बारा इंचांना एक अष्टमांश इंच. हे झाले एक टक्क्याच्या आसपास. ६०० मिलिमीटर लांबीच्या ब्लॉकचा साचा जसाच्या तसा घेतला, तर नवा ब्लॉक सहा मिलिमीटर आखूड निघेल. सिलिंडरांची अंतरे चुकतील, क्रँकशाफ्ट बसणार नाही, हेडचे स्टड जुळणार नाहीत. त्याखेरीज जिथे लेथ किंवा मिलिंगवर धातू काढायचा आहे, तिथे दोन-तीन मिलिमीटरची भर आधीच ठेवावी लागते. जुन्या ब्लॉकवर ती भर कधीच छिलून गेलेली असते. ॲल्युमिनिअमचे आकसणे आणखी जास्त, म्हणून बिडाच्या हेडचा पॅटर्न ॲल्युमिनिअमला चालत नाही.

बाहेरचा आकार मोदकाच्या साच्यासारखा दोन भागांत मिळतो, पण आतल्या पोकळीसाठी वाळूचेच वेगळे गाभे करावे लागतात. फाउंड्रीत त्यांना कोअर म्हणतात. ब्लॉकमध्ये पाणी फिरण्याच्या वाटा, व्हॉल्व्हकडे जाणारे मार्ग, तेलाच्या नळ्या अशा सगळ्यांचे कोअर एकमेकांच्या शेजारी अधांतरी टेकवलेले असतात. त्यांतला एक जरी दोन मिलिमीटर सरकला, तरी एका बाजूची भिंत जाड आणि दुसरीकडची कागदासारखी होते. आणि हे कळते कधी? ओतून, थंड करून, छिलून, बोअर करून झाल्यावर. म्हणून पहिला ब्लॉक कापून पाहायचा, हा या धंद्यातला रिवाज आहे. महिन्यांच्या मेहनतीवर करवत चालवायला धैर्य लागते.

अलीकडे या कामाला नवी वाट फुटली आहे. १९१४ च्या फ्रेंच ग्राँ प्रीसाठी लिऑनच्या रस्त्यावर उतरलेली दलाज टाइप एस ही शर्यतीची गाडी ऑस्ट्रेलियात आहे. तिचा ब्लॉक दुरुस्तीपलीकडे गेला होता. या गाडीचे इंजिन म्हणजे त्या काळातले धाडस होते. व्हॉल्व्ह बंद करायला स्प्रिंगांवर न विसंबता तेही कॅमनेच ओढून घेण्याची रचना तिच्यात होती. असा ब्लॉक जगात दुसरीकडे शोधून मिळणार नव्हता. सीएसआयआरओ या तिथल्या सरकारी संशोधन संस्थेने जुन्या ब्लॉकचे त्रिमिती स्कॅनिंग झाल्यावर संगणकात आकसण्याचा हिशेब धरला आणि वाळूचे साचे थेट छापून काढले. लाकडी पॅटर्न बनलाच नाही. त्या साच्यात बीड ओतून नवा ब्लॉक उभा राहिला. एकाच नगासाठी काम करणाऱ्याला ही पद्धत वरदान आहे, कारण पूर्वी खर्चाचा मोठा वाटा पॅटर्नमध्येच जात असे. स्कॅनर मात्र धातूची जात सांगत नाही, आणि कुठली भिंत मुळात जाड होती व कुठली झिजून पातळ झाली, हेही सांगत नाही. ते ठरवायला जुनी इंजिने उघडलेला माणूसच लागतो.

इंग्लंडमध्ये असे काम करणाऱ्यांत ससेक्समधल्या ‘क्रॉसथ्वेट अँड गार्डनर’चे नाव आदराने घेतले जाते. १९३० च्या दशकातल्या ऑटो युनियनच्या शर्यतीच्या गाड्या पुन्हा घडवण्यासाठी खुद्द आउडीने त्यांना काम दिले.

ब्लॉकपेक्षा पिस्टन मिळवणे सोपे, पण माणसे फसतात ती इथेच. पिस्टन म्हणजे फक्त व्यास नव्हे. पिस्टन बनवणाऱ्याला बोअरचा व्यास हवा, पिनचा व्यास हवा, पिनच्या मध्यापासून माथ्यापर्यंतची उंची हवी, माथा सपाट की फुगीर ते हवे, रिंगा किती आणि किती रुंदीच्या ते हवे, कनेक्टिंग रॉडच्या लहान टोकाची रुंदी हवी आणि जुन्या पिस्टनचे वजन हवे. वजनाकडे सर्रास दुर्लक्ष होते. नवा ॲल्युमिनिअमचा पिस्टन जुन्या बिडाच्या पिस्टनपेक्षा बराच हलका असतो, आणि मग क्रँकचे संतुलन पुन्हा पाहावे लागते. शिवाय ॲल्युमिनिअम तापल्यावर जास्त फुगते, म्हणून जुन्या माहितीपुस्तकात बिडाच्या पिस्टनसाठी दिलेली फट नव्या पिस्टनला पुरत नाही आणि पिस्टन बोअरमध्ये जाम होतो. फट किती ठेवायची हे पिस्टन बनवणाऱ्यालाच विचारायचे, पुस्तकाला नव्हे.

यातून एक नियम निघतो, आणि तो आपल्याकडच्या वर्कशॉपमध्ये वारंवार मोडला जातो. पिस्टन हातात येईपर्यंत बोअरिंग करायचे नाही. इंजिन उघडले, बोअर झिजलेले दिसले की उत्साहात ब्लॉक बोअरिंगला जातो, वीस किंवा तीस थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) मोठा होऊन येतो, आणि मग त्या मापाचे पिस्टन कुणीच बनवत नाही असे कळते. तीस मिळत नाहीत, चाळीस मिळतात. किंवा मिळतात ते प्रत्यक्षात सांगितल्यापेक्षा अर्धा थाऊ कमी भरतात. आधी पिस्टन मागवावेत, प्रत्येक पिस्टन मायक्रोमीटरने मोजावा आणि मग ज्या सिलिंडरात तो जाणार त्यालाच त्याच्या मापाचे बोअर करावे. बोअर मोजतानाही वर, मध्ये, खाली आणि प्रत्येक ठिकाणी आडवे-उभे असे दोनदा मोजावे, कारण झिजलेले सिलिंडर गोल राहत नाही.

गॅस्केटची गोष्टही अशीच. टीसीचेच एक्सपीएजी इंजिन पुढे टीडी या गाडीला बसले, आणि मध्येच केव्हातरी हेड व ब्लॉकमधल्या पाण्याच्या भोकांचा आकार लांबटाचा गोल झाला. जुन्या ब्लॉकचे गॅस्केट वेगळे, नव्याचे वेगळे. गाडीचे नाव सांगून ऑर्डर दिली, तर चुकीचे गॅस्केट येण्याची पुरेपूर शक्यता. त्यात सत्तर वर्षांत कुणी गाडीचे इंजिनच बदललेले असते, किंवा एकाचा ब्लॉक आणि दुसऱ्याचे हेड जोडलेले असते. म्हणून जाणता विक्रेता आधी इंजिनाचा नंबर विचारतो, मग हेडचा फोटो मागतो. तो हे प्रश्न न विचारता पैसे घेत असेल, तर तिथून भाग घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

मापे जुळूनही भाग वाईट असू शकतो, कारण धातूचा कठीणपणा डोळ्यांना दिसत नाही. कॅम आणि त्यावर घासणारा टॅपेट हे याचे ठळक उदाहरण. दोघांचे पृष्ठभाग ठरावीक कठीण असावे लागतात आणि एकमेकांना साजेसे असावे लागतात. स्वस्तात बनलेले मऊ टॅपेट चकचकीत दिसतात, बसतात नीट, आणि थोड्याच मैलांत त्यांच्या तळाला खड्डे पडतात. सोबत नवा कॅमही जातो, आणि त्यांची भुकटी तेलातून सगळ्या बेअरिंगांपर्यंत पोहोचते. चार नगांच्या काटकसरीत पूर्ण इंजिन पुन्हा उघडावे लागते. चांगला बनवणारा आपल्या भागाचा कठीणपणा आकड्यात सांगतो. शंका असेल, तर एक नग जवळच्या हीट ट्रीटमेंटच्या शॉपमध्ये तपासून घेता येतो. पुणे, कोल्हापूर, नाशिक, छत्रपती संभाजीनगर अशा कुठल्याही औद्योगिक शहरात ही सोय आहे.

काही वेळा तीन दुकानांच्या तीन खोक्यांतून एकच भाग निघतो, कारण बनवणारा एकच असतो. म्हणून दुकानाच्या नावापेक्षा ‘हा भाग कोणी बनवला, कोणत्या नकाशावरून आणि कुठल्या धातूत?’ हे तीन प्रश्न जास्त उपयोगी पडतात.

जुन्या काळी बनलेला आणि कधीच न वापरलेला माल हा आणखी एक मार्ग. इंग्लंडमध्ये ब्युलीच्या ऑटोजंबलला १९६७ पासून आणि अमेरिकेत हर्शीच्या मेळ्याला १९५५ पासून लोक असा माल शोधायला जातात. मेणकागदात गुंडाळलेला १९५० चा पिस्टन किंवा व्हॉल्व्ह मिळाला तर डोळे झाकून नव्हे, पण मोजून जरूर घ्यावा. धातूला वय फारसे बाधत नाही. रबर, बूच आणि कागद यांना बाधते. जुने कंडेन्सर आतल्या आत ओल धरतात आणि गाडी तापली की दगा देतात. जुन्या हेड गॅस्केटांत ॲस्बेस्टॉस असते, त्याची धूळ फुप्फुसांना घातक आहे, त्यामुळे ती घासूपुसू नयेत.

दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या बहुतेक गाड्यांना बेअरिंगच्या सुट्या वाट्या नसतातच. तिथे कथिल, अँटिमनी आणि तांबे यांचा मऊ मिश्रधातू, म्हणजे व्हाइट मेटल, थेट ओतलेला असतो. हे बेअरिंग विकत मिळत नाही. रॉड किंवा ब्लॉक कारागिराकडे पाठवायचा. तो जुना धातू काढतो, पृष्ठभागाला कल्हई करतो, नवा धातू ओततो, सगळी बेअरिंगे एका रेषेत बोअर करतो आणि शाफ्टला निळा रंग लावून, फिरवून, उंचवटे हाताने खरवडतो. कल्हई नीट धरली नाही, तर धातू सुटून येतो. हे कसब असलेले हात कमी होत चालले आहेत. आपल्या शहरात असा एखादा वयस्क कारागीर असेल, तर त्याच्याकडे तरुण पोरे शिकायला जावीत, ही माझी मनापासून इच्छा आहे.

नवा भाग जुन्याची हुबेहूब नक्कल असावा की सुधारलेला, यावर जुन्या गाड्यांच्या जगात कडाक्याचे वाद होतात. ऑस्टिन सेव्हन ही १९२२ ते १९३९ या काळातली ७४७ सीसीची चिमुकली गाडी. तिचा क्रँकशाफ्ट बराच काळ दोनच बेअरिंगांवर तोललेला होता, आणि जोरात पळवली की तो मोडण्याबद्दल प्रसिद्ध. आज तिच्यासाठी अधिक ताकदवान पोलादाचे नवे क्रँक मिळतात. मला यात काही गैर वाटत नाही. बाहेरून काही बदललेले नाही, आणि मोडलेला क्रँक जाताना ब्लॉकलाही भोक पाडून जातो. सुधारणा उलटवता येत असेल आणि जुना भाग जपून ठेवला असेल, तर गाडीचे सत्त्व जात नाही.

काही सुधारणा तर इंधनाने लादलेल्या आहेत. पेट्रोलमधल्या शिशाचा लेप व्हॉल्व्हच्या बैठकीला झिजण्यापासून वाचवत असे. २००० साली आपल्या देशातून आणि ब्रिटनमधूनही शिसेयुक्त पेट्रोल गेले. तेव्हापासून हेडमध्ये कठीण धातूच्या बैठकी दाबून बसवणे रूढ झाले. १९५०-६० च्या दशकांतल्या जोरकस इंजिनांना त्या हव्यातच. १९२० च्या आसपासच्या मंद इंजिनांना मात्र उगाच बसवू नयेत. शिसे पेट्रोलमध्ये येण्याआधीच त्यांचा जन्म झाला होता, आणि बैठकीसाठी जास्त खोल कोरले तर पाण्याच्या वाटेला भोक पडते. आता २० टक्के इथेनॉलचा प्रश्न आला आहे. इथेनॉल जुनी रबरे फुगवते, ओल ओढून कार्बोरेटरच्या जस्तमिश्रित धातूला गंजवते. फार जुन्या कार्बोरेटरांत बुचाचा तरंगा असतो आणि त्यावर लाखेचा लेप असतो. लाख अल्कोहोलमध्ये विरघळते. त्यामुळे डायफ्राम, सील, तरंगा मागवताना ‘इथेनॉलला टिकेल का?’ हे विचारल्याशिवाय ऑर्डर देऊ नये.

आपल्याकडे सुट्या भागांचा शोध मुंबईत ऑपेरा हाउस आणि चोर बाजार, पुण्यात नाना पेठ, दिल्लीत काश्मिरी गेट, कोलकात्यात मल्लिक बाजार असा चालत आला. मिळाला तर भाग, नाही तर लेथवाला. एकेकाळी भाग मिळेना म्हणून मोठमोठ्या अमेरिकन गाड्यांची पेट्रोल इंजिने उतरवून डिझेल इंजिने चढवली गेली. तेव्हाची ती गरज होती. पण २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार ५० वर्षांहून जुन्या दुचाकी-चारचाकींना ‘व्हीए’ अक्षरांची वेगळी नोंदणी मिळते, आणि त्यासाठी गाडी मूळ रूपात असावी लागते. चॅसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला चालत नाही. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये आणि मुदत दहा वर्षे. त्यामुळे मूळ इंजिन जिवंत ठेवण्याला आता कागदोपत्रीही अर्थ आला आहे.

परदेशातून मागवताना भागाच्या किमतीवर विमानभाडे आणि कस्टम ड्युटी चढते, आणि चुकीचा भाग परत पाठवणे जवळजवळ अशक्य असते. म्हणून इथल्या मालकाने मोजमापात दुप्पट काटेकोर राहायला हवे, आणि दोन-तीन जणांनी मिळून एकत्र मागवावे. काही बाबतींत मात्र आपली बाजू भक्कम आहे. प्रीमियर पद्मिनीचे १०८९ सीसीचे इंजिन हे फियाटच्या १९३७ सालच्या इंजिनाच्या वंशातले, आणि कुर्ल्याच्या कारखान्यामुळे तो वंश २००० च्या सुमारापर्यंत चालला. ॲम्बॅसेडरचे १४८९ सीसीचे इंजिन ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या बी-सिरीजचे, म्हणजे एमजीएच्या इंजिनाचे सख्खे भाऊबंद. या दोन गाड्यांसाठी देशात इतके भाग बनले, की ते परदेशातल्या जुन्या फियाट आणि मॉरिसच्या मालकांनाही हवेसे वाटावेत.

पण पद्मिनीची शेवटची नोंदणीकृत टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यांवरून गेली. टॅक्सीवाले होते तोवर पिस्टन, गॅस्केट, वॉटर पंप पडेल भावात मिळत होते. ते गिऱ्हाईक गेल्यावर हे भाग बनवणे हळूहळू थांबेल, आणि पद्मिनी त्याच रांगेत उभी राहील जिथे एमजी टीसी कित्येक दशकांपूर्वी उभी होती. कोल्हापूरच्या शिरोली परिसरातल्या फाउंड्र्या ट्रॅक्टर आणि पंपांसाठी बिडाचे ओतकाम रोज करतात. पॅटर्न, कोअर, आकसण्याचा हिशेब हे तिथे कुणाला शिकवावे लागत नाही. उणीव आहे ती पद्मिनी आणि ॲम्बॅसेडरच्या मालकांच्या संघटित मागणीची आणि मोजून ठेवलेल्या नकाशांची. ज्यांच्याकडे या गाड्या आहेत त्यांनी इंजिन उघडेल तेव्हा प्रत्येक भागाचे माप टिपून ठेवावे, भागावर कोरलेले नंबर आणि ओतकामातली अक्षरे फोटोत घ्यावीत, आणि बदललेला जुना पिस्टन, झिजलेला टॅपेट, तडकलेले हेड भंगारात न घालता तेल लावून, चिठ्ठी बांधून ठेवावे. दहा वर्षांनी कुणी तो भाग पुन्हा बनवायला बसेल, तेव्हा तो पहिल्यांदा नमुनाच मागेल.